ओक पार्क : भीतीचा हिशेब

अर्नेस्ट हेमिंग्वे आणि पर्सी ज्युलियन हे दोघेही १८९९ सालचे. हेमिंग्वे शिकागोच्या पश्चिम सीमेला लागून असलेल्या ओक पार्क या उपनगरात जन्मले आणि तरुणपणीच तिथून बाहेर पडले. ज्युलियन अलाबामातल्या माँटगोमेरीत जन्मले, गुलामांचे नातू म्हणून, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर ओक पार्कात राहायला आले. पहिल्याचे जन्मस्थान पाहायला आज पर्यटक येतात. दुसऱ्याच्या घराला गावाने काय दिले, ती हकिकत मला अधिक महत्त्वाची वाटते. कारण पुढे वीस-पंचवीस वर्षे या गावाने जे काही केले, त्याची सुरुवात तिथे आहे.

ज्युलियन रसायनशास्त्रज्ञ होते. व्हिएन्ना विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी १९३१ मध्ये मिळवली. काचबिंदूवरचे फायसोस्टिग्मिन हे औषध १९३५ मध्ये प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. पुढे ग्लिडन कंपनीत सोयाबीनपासून संप्रेरके मोठ्या प्रमाणावर बनवण्याची वाट त्यांनी मोकळी केली. त्यांच्या पत्नी ॲना यांनीही समाजशास्त्रात डॉक्टरेट केलेली होती. या कुटुंबाने १९५० मध्ये ओक पार्कात प्रशस्त घर घेतले. ते राहायला येण्याआधीच, त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, कोणीतरी घर पेटवून द्यायचा प्रयत्न केला. जून १९५१ मध्ये घराच्या आवारात डायनामाइटचा स्फोट झाला, तेव्हा आईवडील बाहेरगावी होते आणि मुले घरात होती. ज्युलियन हटले नाहीत. रात्री बंदूक घेऊन अंगणात पहारा देणारे वडील त्यांच्या मुलाच्या कायमचे लक्षात राहिले. तो मुलगा पुढे नागरी हक्कांचा वकील झाला. गावातली काही गोरी मंडळी ज्युलियन कुटुंबाच्या पाठीशी उभी राहिली, हेही नोंदवले पाहिजे. मात्र १९६० च्या जनगणनेत एकसष्ट हजार वस्तीच्या या गावात कृष्णवर्णीय रहिवासी शंभरसुद्धा नव्हते.

ही भिंत आपोआप उभी राहिली नव्हती. विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्या काळात अमेरिकेतल्या कितीतरी घरांच्या खरेदीखतांतच ‘हे घर कृष्णवर्णीयाला विकता येणार नाही’ अशी अट असे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संघीय गृहप्रशासनाने गृहकर्जांना सरकारी हमी द्यायला सुरुवात केली, तेव्हा मिश्र वस्ती ही कर्जाच्या दृष्टीने जोखमीची वस्ती ठरवली गेली. म्हणजे शेजारी कृष्णवर्णीय आला की घराची किंमत पडते, ही समजूत राहिली नाही, तो सरकारी नियम झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये ‘शेली विरुद्ध क्रेमर’ खटल्यात सांगितले की, खरेदीखतातल्या अशा अटी न्यायालये अमलात आणणार नाहीत. (आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व फक्त पारशांनाच देण्याचा पोटनियम वैध ठरवला. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.) पण अट गेली तरी व्यवहार राहिला. दलाल ते घर दाखवत नसे आणि बँक कर्ज देत नसे.

या व्यवहारातूनच शिकागोत एक धंदा उभा राहिला. त्याला तिथे ‘ब्लॉकबस्टिंग’ म्हणत. दलाल गोऱ्या वस्तीतले एखादे घर कृष्णवर्णीय कुटुंबाला मिळवून देई. मग आसपासच्या घरांत फोन सुरू होत : ‘वस्ती बदलते आहे, आज विकाल तर निदान एवढे तरी मिळतील.’ एखाद्या कृष्णवर्णीय बाईला पैसे देऊन बाबागाडी ढकलत त्या रस्त्यावरून फिरवल्याच्या हकिकतीही नोंदलेल्या आहेत. घाबरलेला मालक पडत्या भावात विकी. तेच घर दलाल चढ्या भावाने कृष्णवर्णीय कुटुंबाला देई, आणि बँकेचे कर्ज मिळत नसल्यामुळे तेही हप्त्यांच्या करारावर. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी दलालाची. मधला हप्ता चुकला की घरही गेले आणि भरलेले पैसेही गेले. भीती गोऱ्यांची, गरज कृष्णवर्णीयांची आणि नफा तिसऱ्याचा, असा हा मामला होता.

ऑस्टिन बुलेव्हार्ड हा रस्ता शिकागो आणि ओक पार्क यांच्यातली सीमा आहे. रस्त्याच्या पूर्वेला शिकागो शहराचाच ऑस्टिन नावाचा भाग. जनगणनेचे तक्ते ओळीने वाचत बसायची मला जुनी खोड आहे, आणि ऑस्टिनचे आकडे वाचताना कादंबरी वाचल्यासारखे वाटते. १९६० मध्ये तिथली सव्वा लाख वस्ती जवळजवळ संपूर्ण गोरी होती. १९७० मध्ये साधारण एक तृतीयांश लोक कृष्णवर्णीय होते, १९८० मध्ये जवळपास तीन चतुर्थांश. वीस वर्षांत एका मोठ्या शहराएवढी लोकसंख्या बदलून गेली. ही लाट गल्लीमागून गल्ली पश्चिमेकडे सरकत होती आणि पुढची गल्ली ओक पार्कची होती.

ओक पार्क कायद्याच्या भाषेत ‘व्हिलेज’ आहे, म्हणजे स्वतःचा अध्यक्ष, विश्वस्त मंडळ आणि स्वतःचे नियम असलेली छोटी नगरपालिका. या गावात १९६३ मध्ये एक प्रकरण झाले. ओक पार्क आणि शेजारचे रिव्हर फॉरेस्ट यांचा मिळून एक वाद्यवृंद होता. त्याचे संचालक मिल्टन प्रीव्ज हे शिकागो सिंफनीचे नामांकित व्हायोला-वादक. एका कृष्णवर्णीय व्हायोलिन-वादक तरुणीने त्यांच्या वाद्यवृंदात वाजवण्याला कारभाऱ्यांनी हरकत घेतली आणि प्रीव्ज यांनी राजीनामा दिला. बातमी गावाबाहेर गेली आणि सभ्य, चर्चला जाणाऱ्या, स्वतःला उदार समजणाऱ्या गावाची मान खाली गेली. त्याच वर्षी विश्वस्त मंडळाने कम्युनिटी रिलेशन्स कमिशन, म्हणजे समाजसंबंध आयोग नेमला.

आयोग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर निवृत्त न्यायमूर्ती आणि लाल दिव्याची गाडी येते. हा आयोग म्हणजे गावातल्याच नागरिकांची समिती होती. गावाच्या नियमांत घर नाकारणे हा अपराधच नव्हता, त्यामुळे तक्रार आली तरी समजूत काढण्यापलीकडे तिच्या हातात फारसे काही नव्हते. दरम्यान १९६६ च्या उन्हाळ्यात मार्टिन ल्यूथर किंग यांनी शिकागोत खुल्या घरांसाठी मोर्चे काढले. मार्क्वेट पार्कमध्ये त्यांना दगड लागला. ओक पार्कातही दलालांच्या कचेऱ्यांसमोर मोर्चे निघाले. ४ एप्रिल १९६८ ला किंग यांची हत्या झाली. ११ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गृहसमानतेच्या कायद्यावर सही केली. योगायोगाने तो ज्युलियन यांचा एकोणसत्तरावा वाढदिवस होता. आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ओक पार्कने स्वतःचा गृहसमानता नियम मंजूर केला.

देशाचा कायदा झालेला असताना गावाच्या वेगळ्या नियमाची गरज काय, असा प्रश्न पडेल. उत्तर त्या कायद्याच्या तपशिलात आहे. संघीय गृहखात्याला त्या कायद्याने फक्त समेट घडवण्याचा अधिकार दिला होता. दंडाचे दात त्याला १९८८ च्या दुरुस्तीने बसले. मधली वीस वर्षे तक्रारदाराच्या जवळची जागा कुठली असेल, तर ती गावची कचेरी.

आता नकार बेकायदा ठरला. पण आयोगापुढे लवकरच स्पष्ट झाले की नकार ही अर्धीच गोष्ट होती. उरलेली अर्धी म्हणजे पळ. कृष्णवर्णीय कुटुंबाला घर नाकारणाऱ्याला शिक्षा करता येते. घर विकून निघून जाणाऱ्या गोऱ्याला कुठला कायदा थांबवणार? शिवाय दलाल आता नकार देतच नव्हता. तो गोड बोलून वाट दाखवत होता : गोऱ्या गिऱ्हाइकाला ‘तुम्हाला त्या बाजूला आवडणार नाही’, कृष्णवर्णीयाला ‘तुमच्यासाठी या बाजूला छान जागा आहेत’. कोणीच कोणाला नाही म्हटले नाही, आणि तरीही दहा वर्षांत ऑस्टिनचीच पुनरावृत्ती झाली असती.

इथे रॉबर्टा रेमंड यांचे नाव घ्यावे लागते. त्या याच गावात वाढलेल्या, समाजशास्त्र शिकलेल्या. १९७२ मध्ये त्यांनी एका चर्चमधल्या जागेत ओक पार्क हाउसिंग सेंटर सुरू केले. काम वरवर साधे होते. भाड्याने घर शोधणारा माणूस येई, त्याला मोकळ्या जागांची यादी दाखवली जाई. पण समुपदेशक दलालाच्या बरोबर उलट सुचवत. गोऱ्या कुटुंबाला ऑस्टिनलगतच्या पूर्व भागातल्या जागा पाहायचा आग्रह करत, कृष्णवर्णीय कुटुंबाला गावभर सगळीकडच्या. सक्ती कसलीच नव्हती.

गावाच्या कारभाराने त्याला जोड दिली. घरांपुढच्या ‘विकणे आहे’ पाट्यांवर बंदी आली, कारण एका गल्लीत चार पाट्या दिसल्या की पाचवा घाबरतो. न्यू जर्सीतल्या विलिंगबरोच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये अशी बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याविरुद्ध ठरवली. तरी ओक पार्कातल्या दलालांनी पाट्या न लावण्याचा संकेत पाळला. गावाची नवी कचेरी १९७५ मध्ये मुद्दाम पूर्व भागात, ऑस्टिनच्या जवळ उभी केली. आम्ही इथून हलणार नाही, हे विटांनी सांगणे होते. आणि १९७८ पासून घरमालकांसाठी विमा आला. घराची किंमत आज ठरवून घ्या; पाच वर्षांनंतर त्याहून कमी भावात विकावे लागले, तर तोट्याचा ऐंशी टक्के भाग गाव भरून देईल. थोड्याच लोकांनी नाव नोंदवले, आणि गावाला एकही दावा भरावा लागला नाही. मला या सगळ्या इतिहासात ही सर्वांत बोलकी बाब वाटते. ज्या तोट्याच्या भीतीने एक अख्खे ऑस्टिन हलले, त्या तोट्याची कोणीतरी लेखी हमी घेतली आणि तो आलाच नाही.

पण ही गोष्ट एवढी गोड नाही. १९७३ च्या अखेरीस एका प्रस्तावावर गाव पेटले. काही गल्ल्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण तीस टक्क्यांपर्यंत पोचले की तिथे आणखी कृष्णवर्णीयांना घर देण्यावर मर्यादा आणावी, म्हणजे समतोल टिकेल, असा तो प्रस्ताव होता. हेतू चांगला होता, असे मांडणारे म्हणाले. पण कागदावर त्याचा अर्थ एकच होता : रंग पाहून घर नाकारा. ज्यासाठी आयोग नेमला, तेच आता आयोगाच्या नावाने करायचे. जोरदार विरोध झाला आणि प्रस्ताव बारगळला. पुढे १९८८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या स्टारेट सिटी या वसाहतीचा असाच कोटा संघीय अपील न्यायालयाने बेकायदा ठरवला.

कोटा गेला, तरी त्यामागचा प्रश्न गेला नाही. हाउसिंग सेंटरमध्ये कोणाला काय सुचवायचे, हे त्याचा रंग पाहूनच ठरत होते. एखाद्या कृष्णवर्णीय कुटुंबाला ऑस्टिनजवळच राहायचे असेल, मावशी पलीकडच्या गल्लीत असेल, तर त्याने गावाचा समतोल म्हणून लांब का जावे? ‘विखरून राहा’ हा सल्ला कृष्णवर्णीयांना मिळतो, गोऱ्यांना का नाही, असे टीकाकार विचारत, आणि त्यात तथ्य होते. माझे मत असे की, सल्ला आणि सक्ती यांच्यातली रेघ बारीक होती, पण ती ओढली गेली, आणि १९७३-७४ च्या त्या वादाशिवाय ती ओढली गेली नसती. कॅरोल गुडविन यांनी १९७९ मध्ये ‘द ओक पार्क स्ट्रॅटेजी’ या पुस्तकात हा काळ तपशिलाने मांडला आहे. ते वाचताना जाणवते की, गावातल्या लोकांना न्याय हवा होता आणि आपल्या घराची किंमतही हवी होती. या दोन इच्छा एकाच माणसात नांदतात, हे ओळखूनच धोरण आखले गेले.

परिणाम तक्त्यांत आहे. कृष्णवर्णीयांचे प्रमाण १९७० मध्ये अर्धा टक्काही नव्हते. १९८० मध्ये ते सुमारे अकरा टक्के, १९९० मध्ये अठरा, २००० मध्ये बावीसच्या आसपास. वाढ झाली, पळापळ झाली नाही. शेजारच्या बेलवूडने दलालांवर खटला भरला, आणि वाट दाखवण्याच्या प्रकाराविरुद्ध गावालाही न्यायालयात उभे राहता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये मान्य केले. मात्र ऑस्टिन बुलेव्हार्डच्या पूर्वेचा तक्ता वेगळाच राहिला. तिथे ना विमा होता, ना सल्ला केंद्र, ना स्वतःचे विश्वस्त मंडळ. मोठ्या शहराचा तो एक कोपरा होता. ओक पार्कने स्वतःला वाचवले, पण भीतीचा बाजार बंद केला नाही. तो आपल्या सीमेवर अडवला.

पर्सी ज्युलियन १९७५ मध्ये वारले, ओक पार्कचे रहिवासी म्हणूनच. त्याच्या दोन वर्षे आधी राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले होते. गावातल्या एका शाळेला आता त्यांचे नाव आहे. ते घर पेटवायला निघालेल्यांच्या नातवंडांनाही तिथे शिकता आले असेल. आयोगाचे काम मात्र नाव देण्याने संपत नाही. भाड्याचे घर दर वर्षी रिकामे होते, नवा माणूस दार ठोठावतो, आणि कोणीतरी त्याला यादी दाखवायला बसावे लागते.