अदृष्ट स्नेही

आपल्या परसातील अनंताचे शास्त्रीय नाव ‘गार्डेनिया’ असे आहे, आणि ते इंग्रजीतील बागवाचक शब्दावरून पडले असावे असे पुष्कळ सुशिक्षित लोकही समजतात. आमचाही बरीच वर्षे तोच समज होता. वस्तुतः ते नाव डॉ. अलेक्झांडर गार्डन ह्या स्कॉटिश वैद्याचे आहे. हा गृहस्थ १७५२ साली अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना प्रांतात जाऊन राहिला. अनंत मूळचा चीनकडील. गार्डनचा त्याच्याशी संबंध इतकाच की, लंडनच्या जॉन एलिस ह्या त्याच्या वनस्पतिप्रेमी पत्रमित्राने त्या झाडास त्याचे नाव दिले. आपण देवास वाहतो त्या ह्या शुभ्र फुलाच्या नावात दोन परदेशी माणसांच्या स्नेहाची खूण अशी राहून गेली आहे. तो स्नेह एकटा नव्हता. अमेरिकेच्या रानांतील देशी झाडे हुडकणाऱ्या व लावणाऱ्या लोकांचे एक मोठे मंडळच अठराव्या शतकात जमले होते, आणि त्याच्या मध्यभागी दोघे जण होते : लंडनचा कापडव्यापारी पीटर कॉलिन्सन व फिलाडेल्फियाजवळचा शेतकरी जॉन बार्ट्रॅम. ह्या दोघांची मैत्री सुमारे पस्तीस वर्षे टिकली. परंतु त्यांनी एकमेकांचे तोंड कधीही पाहिले नाही.

बार्ट्रॅम १६९९ साली जन्मला. त्याचे शिक्षण बेताचेच होते. १७२८ साली त्याने स्कूलकिल नदीच्या काठी जमीन घेतली, आणि शेतीतून सवड काढून तो रानातील झाडे आपल्या आवारात आणून लावू लागला. कॉलिन्सन त्याच्याहून पाच वर्षांनी वडील व रॉयल सोसायटीचा सभासद. वसाहतींशी त्याचा कापडाचा व्यापार चाले. जीव मात्र बागेत गुंतलेला. दोघेही क्वेकर पंथाचे, म्हणजे ज्या पंथात लहानथोर सर्वांस एकेरीच संबोधावयाचे, त्यातले. पत्रव्यवहार १७३३ च्या सुमारास सुरू झाला, तो प्रथम देवघेवीचाच. बार्ट्रॅमने बियांची पेटी भरावी, कॉलिन्सनने ती पाच गिनींस एखाद्या उमरावास द्यावी. पेटीत शंभराच्या आसपास जातींचे बी असे : मॅग्नोलिया, कॅल्मिया, मेपल, पाइन, कित्येक. कॉलिन्सन ह्यात दलाली घेत नसे. इंग्लंडच्या ज्या बागा आपण खास इंग्रजी म्हणून वाखाणतो, त्यांतील शरदातला तांबडापिवळा रंग पुष्कळसा ह्या पेट्यांतून गेलेला आहे.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. जहाज वाटेत बुडे, शत्रू ते पकडी, उंदीर रोपे खात, खारे पाणी आत शिरे. कॉलिन्सनने सांगितलेली एक युक्ती आम्हांस फार गमतीची वाटली. बार्ट्रॅमने प्रवासात बैलाच्या मूत्राशयाच्या पिशव्या बरोबर न्याव्यात, सापडलेले रोप थोड्या मातीसकट त्यांत घालून पाणी शिंपडावे, आणि तोंड बांधून ती खोगिरास अडकवावी! वाळवलेल्या नमुन्यांचे दोन जोड करून दोहोंवर एकच अंक घालावा, एक लंडनास पाठवावा, असेही ठरले होते. कॉलिन्सन तो ऑक्सफर्डच्या डिलेनियसला किंवा हॉलंडच्या ग्रोनोव्हियसला दाखवी व अंकवार नावे परत कळवी. लॅटिनशी जेमतेम ओळख असलेला शेतकरी अशा रीतीने युरोपातील पंडितांचा सहाध्यायी झाला.

ह्या पत्रांत निव्वळ गोडवा असता तर आम्ही हा लेख लिहिला नसता. कॉलिन्सन सुखवस्तू होता व त्याच्या उपदेशास अंत नसे. बार्ट्रॅम व्हर्जिनियात जाणार असे समजताच त्याने लिहिले की, तेथील लोक माणसाच्या अंतरंगापेक्षा पोशाख पाहतात, तेव्हा नीट कपडे करून जावे. एकदा त्याने आपली वापरलेली टोपी धाडली. तिला भोके आहेत अशी बार्ट्रॅमने तक्रार केली व ती देऊन टाकली. त्यावर कॉलिन्सनचे उत्तर असे की, भोके एकदोन आणि तीही काठाशी, अस्तर तर नवे होते. परत पाठविली असती तर पावसाळी दिवसांत ती आपण आणखी दोनतीन वर्षे घातली असती. श्रमांच्या मोबदल्याविषयीही बार्ट्रॅमची कुरकुर वारंवार आढळते, आणि आमच्या मते ती रास्त होती. महिनोन्महिने रानोमाळ हिंडून आणलेल्या पेटीस पाच गिनी म्हणजे काही मोठे द्रव्य नव्हे. तथापि ज्या दोन माणसांस फाटक्या टोपीवरून मनमोकळे भांडता येते, त्यांच्यातील व्यवहार केव्हाच सरलेला असतो.

ह्या दोघांभोवती मंडळ वाढत गेले. बेंजामिन फ्रँकलिन त्यांत होता. विजेच्या प्रयोगांची त्याची प्रसिद्ध पत्रे कॉलिन्सनलाच लिहिलेली असून ती १७५१ साली लंडनास छापली गेली. १७५४ साली न्यू यॉर्क प्रांतात कॅडवॉलडर कोल्डनच्या घरी बार्ट्रॅम व डॉ. गार्डन ह्यांची गाठ पडली. कोल्डनची कन्या जेन हिने त्या भागातील तीनशेहून अधिक वनस्पतींची वर्णने लिहून ठेवली आहेत. १७५९ साली तिचे लग्न झाले आणि पुढे ह्या विषयातील तिचे काम आढळत नाही. आमच्या वाचकभगिनींस ह्याचा निराळा खुलासा करावयास नको. चार्ल्सटनच्या मार्था लोगनबाईंची व बार्ट्रॅमची भेट १७६० साली झाली, तीही अगदी थोडा वेळ. पण त्यानंतर दोघांमध्ये रेशमी पिशव्यांतून बियांची ये-जा सुरू झाली. कुंपणावरून कंद आणि फांद्या देणाऱ्या शेजारणी आपल्याकडेही असतात. येथे मात्र कुंपण शेकडो मैलांचे होते.

मंडळाच्या कडेला एक अंधारही आहे, तो झाकणे बरे नव्हे. ज्या रानांतून ही झाडे आली, तेथील मूळ रहिवाशांस ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. पण झाडांस नावे पडली ती युरोपीय मित्रांची. बार्ट्रॅमचा बाप १७११ साली त्या लोकांच्या हल्ल्यात मारला गेला होता, आणि मुलाने ते त्यांस कधी क्षमा केले नाही. फ्लॉरिडात मळा करू पाहणाऱ्या विल्यम ह्या आपल्या मुलास त्याने १७६६ साली गुलामही घेऊन दिले. मळा बुडाला.

कॉलिन्सनच्या खटपटीने १७६५ साली बार्ट्रॅमला राजाच्या वनस्पतिज्ञाची जागा मिळाली, वेतन सालीना ५० पौंड. त्याच साली दक्षिणेच्या प्रवासात जॉर्जियातील अल्टामाहा नदीकाठी बापलेकांस एक अपरिचित झाड दिसले. त्याचे फूल कॉलिन्सनच्या दृष्टीस पडले नाही. तो १७६८ च्या ऑगस्टात वारला. बार्ट्रॅम २२ सप्टेंबर १७७७ रोजी गेला, आणि पुढे चारच दिवसांनी इंग्रजी फौज फिलाडेल्फियात शिरली. राजनिष्ठ राहिलेल्या डॉ. गार्डनची मालमत्ता युद्धात जप्त झाली. तो लंडनास गेला व तेथेच १७९१ साली निवर्तला.

विल्यमने अल्टामाहाकाठी पुन्हा जाऊन त्या झाडाचे बी आणले होते. बापाच्या बागेत त्याची रोपे वाढली, पांढरी फुले आली, आणि बापाच्या मित्राच्या नावावरून त्यास ‘फ्रँकलिनिया’ म्हणू लागले. रानात ते १८०३ नंतर कोणास सापडलेले नाही. बार्ट्रॅमची बाग १८९१ साली फिलाडेल्फिया शहराने ताब्यात घेतली, ती आजही लोकांस खुली आहे. आणि जगात आज जेथे जेथे फ्रँकलिनियाचे झाड उभे आहे, तेथे तेथे त्याचे बी ह्याच बागेतून गेलेले आहे.