पन्नी काढणाऱ्याच्या खिशातली पन्नी

आपण रिद्धपूरच्या दुकानातून पाव किलो साखर आणली तरी ती पन्नीत येते. घरी आलो की साखर डब्यात आणि पन्नी उकिरड्यावर. ही पन्नी पहिल्यांदा कोणी केली, ते आम्ही शोधलं. जे सापडलं ते ऐकून गटातल्या साऱ्याजणी गप्पच झाल्या.

स्वीडन देशात स्टेन गुस्ताफ थुलिन नावाचे एक इंजिनिअर होते. नॉरशॉपिंगच्या सेलोप्लास्ट कंपनीसाठी त्यांनी ही पिशवी काढली. त्या काळी तिकडच्या दुकानात कागदी पिशव्या चालत. कागदासाठी झाडं तुटत, आणि पिशवी भिजली की फाटे. थुलिन यांनी प्लास्टिकची चपटी नळी घेतली, घडी घातली, दोन्ही टोकं उष्णतेनं चिकटवली आणि वरून मधला तुकडा कापला. झाले दोन बंद! म्हणूनच ती बनियनसारखी दिसते. 1965 मध्ये तिचं अमेरिकेत पेटंट झालं.

थुलिन स्वतः ही पन्नी घडी करून खिशात ठेवत. दुकानात गेले की तीच काढत, पुन्हा पुन्हा. त्यांच्या मुलानं 2019 मध्ये हे सांगितलं. एकदा वापरून फेकायची, हे वडिलांना विचित्रच वाटलं असतं, असंही तो म्हणाला. ज्यानं झाडं वाचावी म्हणून वस्तू केली, त्याच्या वस्तूनं पुढं नाल्या तुंबल्या. बांगलादेशानं पुराच्या अनुभवानंतर 2002 मध्ये तिच्यावर बंदी घातली. 26 जुलै 2005 ला मुंबईत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा गटारांत याच पन्न्या अडकल्या होत्या. आपल्या राज्यात 2018 ला बंदी आली, पहिल्या वेळी 5,000 रुपये दंड. तरी पन्नी आहेच. गाईच्या पोटातही आहे.

मग कापडी थैला शिवला की झालं? आपला वऱ्हाड तर कापसाचा. आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण इंग्लंडच्या पर्यावरण खात्यानं 2011 मध्ये हिशेब मांडला: कापूस पिकवायला, सूत काढायला, विणायला इतका खर्च येतो की नवा सुती थैला 131 वेळा वापरला, तर कुठं हवामानाच्या हिशेबात तो एकदा वापरलेल्या पन्नीच्या बरोबरीला येतो. जुन्या लुगड्याचा शिवला तर गोष्ट वेगळी, ते कापड आधीच झिजलेलं असतं. आम्ही मात्र हौसेनं नवं मांजरपाट आणलं होतं. त्यातले कितीतरी थैले अजून कपाटात घडी करून आहेत, एकदाही न वापरलेले.

मागच्या बैठकीत ठरलं, येताना प्रत्येकीनं थैला आणायचा. सहाजणींनी आणला. दोघींच्या थैल्यात पन्नी होती.