रक्ताचे पाणी

मुलांच्या शिक्षणासाठी बापाने रक्ताचे पाणी केले, असे आपण म्हणतो. कष्टाचे याहून मोठे माप मराठीत नाही. हा केवळ बोलण्याचा अलंकार, अशी आपली समजूत असते. परंतु शरीरशास्त्राला विचारले तर ते सांगेल, की ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. जो मनुष्य दिवसामागून दिवस शे-दीडशे किलोमीटर सायकल चालवतो, त्याच्या रक्तातील द्रवाचा अंश वाढतो आणि तांबड्या पेशींचे प्रमाण खाली येते. कष्टाने रक्त खरोखरीच पातळ होते. आणि सायकल शर्यतींच्या इतिहासात जी सर्वांत मोठी लबाडी झाली, ती नेमकी हे पाणी होऊ न देण्यासाठी झाली.

चकली-करंजीच्या ताटाशी ही रक्ताची गोष्ट कशाला, असे एखादी गृहिणी विचारील. पण आमच्या नाशकात आज पहाटे त्र्यंबक रस्त्याला उभे राहावे, तर डोक्यावर शिरस्त्राण घातलेल्या सायकलस्वारांच्या रांगाच्या रांगा दिसतात. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी अमेरिका खंड या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुमारे ४८०० किलोमीटर, दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या मुदतीत पार केला, तेव्हापासून तर या वेडाला भरतीच आली आहे. ज्या घरात नवी सायकल आली, त्या घराने हा इतिहास ऐकून ठेवावा.

या खेळाचे माहेर फ्रान्स. १९०३ साली 'लोटो' नावाच्या वर्तमानपत्राने खप वाढावा म्हणून सबंध फ्रान्सभर फिरणारी सायकल शर्यत काढली. तीच 'टूर द फ्रान्स'. पहिल्या वर्षी सहा टप्पे होते आणि अंतर होते २४२८ किलोमीटर. मोरिस गारँ नावाचा स्वार पहिला आला. दुसऱ्या वर्षीही तोच पहिला आला. पण काही स्वारांनी चक्क आगगाडीचा आधार घेतल्याचे आरोप झाले आणि पहिल्या चारही जणांची नावे खोडली गेली. म्हणजे लबाडी या शर्यतीच्या पाळण्यातच होती. मात्र ती लबाडी भाबडी होती. तिने कोणाचा जीव घेतला नाही.

जीव गेला तो पुढे. १३ जुलै १९६७ रोजी माँ व्हाँतू या उजाड डोंगराच्या चढावर टॉम सिम्पसन हा इंग्रज स्वार भर उन्हात कोसळला आणि मरण पावला. त्याच्या शरीरात अँफेटमिन हे उत्तेजक आणि मद्य सापडले. उत्तेजक म्हणजे चाबूक. चाबकाने घोडा पळतो. त्याच्या अंगात नवे बळ येत नाही, उरलेले मात्र लवकर सरते.

मग काही डोकेबाज मंडळींच्या मनात आले, की चाबकापेक्षा घोड्याचेच बळ वाढवता आले तर? आपल्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातील तांबड्या पेशी म्हणजे प्राणवायूचे हमाल. फुप्फुसात ओझे उचलायचे आणि पायांच्या स्नायूंपर्यंत नेऊन उतरवायचे, एवढेच त्यांचे काम. हमाल वाढले की माल अधिक पोचतो. स्वीडनमध्ये ब्यॉर्न एकब्लॉम या संशोधकाने १९७२ साली हे प्रयोगाने दाखवले. त्याने काही जणांचे रक्त काढून ठेवले, सुमारे महिनाभराने शरीराने तूट भरून काढल्यावर त्यातल्या पेशी ज्याच्या त्याला परत चढवल्या, आणि त्यांची दमेपर्यंत टिकण्याची शक्ती वाढल्याचे त्याला आढळले. हेतू ज्ञानाचा होता. परंतु प्रयोगशाळेचे दार एकदा उघडले, की आत कोण शिरेल ते सांगता येत नाही.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या सायकल संघाने नऊ पदके मिळवली. पुढच्या वर्षी उघड झाले, की संघातील सातएक जणांनी आधी एका हॉटेलच्या खोलीत रक्त चढवून घेतले होते. स्वतःचे रक्त साठवायला वेळ उरला नव्हता, म्हणून काहींनी नातेवाइकांचे घेतले, आणि त्यातले काही आजारीही पडले. तोपर्यंत या प्रकाराविरुद्ध नियमच नव्हता! तो त्यानंतर झाला.

तोच विज्ञानाने आणखी एक वर दिला. तांबड्या पेशी वाढवा, असा निरोप आपली मूत्रपिंडे अस्थींतील मज्जेला एका द्रव्याच्या रूपाने धाडत असतात. त्याचे नाव एरिथ्रोपोएटिन, म्हणजेच ई.पी.ओ. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांसाठी ते कृत्रिम रीतीने तयार करून १९८९ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले. कितीतरी रोग्यांना त्याने उभे केले. परंतु रोग्याची काठी धडधाकट माणसाने पळवली. निरोप्याच्या सुईने अंगातल्या अंगात हमाल वाढू लागले. रक्त दाट झाले. उन्हातान्हात घाम गेल्यावर तर ते आणखी घट्ट होते, त्यात गुठळ्या होण्याची भीती वाढते, आणि हृदयाला ते ढकलता ढकलता जीव मेटाकुटीला येतो.

ई.पी.ओ. ओळखणारी चाचणी तेव्हा नव्हती. म्हणून १९९७ साली सायकल संघटनेने ठरवले, की तांबड्या पेशींचा वाटा रक्तात पन्नास टक्क्यांवर गेला तर स्वाराला शर्यतीतून बाहेर काढावे. झाले! कुंपणाच्या अलीकडे चरायला मोकळीक मिळाली. दुसऱ्याच वर्षी, जुलै १९९८ मध्ये, 'फेस्टिना' संघाची औषधांनी भरलेली मोटार सरहद्दीवर पकडली गेली आणि अख्ख्या खेळाचे भांडे फुटले. १९९९ मध्ये इटलीच्या शर्यतीत आघाडीवर असलेला, लोकांचा लाडका मार्को पान्तानी ५२ टक्के भरला म्हणून शेवटचे दोन दिवस उरले असताना बाहेर काढला गेला. तो त्यातून सावरला नाही. १४ फेब्रुवारी २००४ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, रिमिनीच्या एका हॉटेलात कोकेनच्या विषबाधेने तो एकाकी मेला.

त्याच १९९९ सालची फ्रान्सची शर्यत लान्स आर्मस्ट्राँगने जिंकली. कर्करोगातून उठलेला हा अमेरिकन २००५ पर्यंत ओळीने सात वेळा जिंकला आणि जगभरच्या रोग्यांचा देव झाला. त्याच शर्यतीत क्रिस्तोफ बासों नावाचा एक फ्रेंच तरुण होता. आदल्या वर्षी तो फेस्टिना संघात होता, आणि हा मात्र काही घेत नसे, अशी साक्ष त्याच्याच सोबत्यांनी पोलिसांपुढे दिली होती. शर्यत स्वच्छ झालेली नाही, असे तो वर्तमानपत्रात लिही. बाकीच्यांनी त्याच्याशी बोलणे सोडले. धावत्या शर्यतीत आर्मस्ट्राँगने त्याला गाठले आणि घरी जायला सांगितले. काही दिवसांतच बासों शर्यत सोडून खरोखरच घरी गेला.

रक्त मात्र चुगली करतेच. कार्ल लँडस्टायनरने रक्तगट शोधून काढले १९०१ मध्ये. आणि १९५२ साली आपल्या मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अत्यंत दुर्मीळ गट जगापुढे मांडला, तो आजही 'बॉम्बे' याच नावाने ओळखला जातो. रक्ताच्या पेशींवर ज्याच्या त्याच्या घराण्याच्या खुणा असतात, हे या विद्येने शिकवले. अशाच बारीक खुणांवरून २००४ साली टायलर हॅमिल्टन या अमेरिकन स्वाराच्या अंगात दुसऱ्याचे रक्त सापडले. २००६ मध्ये माद्रिदच्या एका डॉक्टरच्या ठिकाणांवर दोनशेहून अधिक रक्ताच्या पिशव्या मिळाल्या. त्यांवर खऱ्या नावांऐवजी सांकेतिक शब्द होते. रक्तपेढीतली पिशवी अनोळखी बाळंतिणीचा जीव वाचवते. या पिशव्या मालकाच्याच अंगात चोरून परतण्यासाठी थंडाव्यात वाट पाहत होत्या.

शेवटी २००८ पासून युक्ती उलटी केली गेली. औषध शोधण्याऐवजी प्रत्येक स्वाराच्या रक्ताची वर्षानुवर्षांची नोंदवही ठेवायची. तीन आठवडे घाम गाळून प्रामाणिक माणसाचे रक्त पातळ व्हायला हवे. ज्याचे होत नाही, त्याच्या मागे चौकशी लावायची! आपल्या आजीच्या तोंडचा वाक्प्रचार असा थेट पुरावा झाला. आपल्या देशातही उत्तेजकांविरुद्धची राष्ट्रीय संस्था २००५ पासून आहे आणि २०२२ साली तसा कायदाही झाला. तेव्हा आपल्या पोरांनी ही गोष्ट परक्यांची समजू नये.

आर्मस्ट्राँगचे सातही विजय २०१२ साली रद्द झाले आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने दूरचित्रवाणीवर सारे कबूल केले. ती विजेतेपदे मग कोणाला दिली? कोणालाच नाही. मागच्यांपैकी कितीजण निर्मळ होते, याचीच खात्री उरली नव्हती. १९९९ ते २००५ या सात वर्षांसमोर विजेत्याची जागा आजही कोरी आहे.

बासों पुढे उत्तेजकांना आळा घालण्याच्या सरकारी कामात गेला. काळाने त्याचे म्हणणे खरे ठरवले. पण त्याची तरुणपणीची शर्यतीची वर्षे कोणत्या समितीने परत द्यायची? लबाडाने बक्षीस नेले, ते काढून घेता येते. शेजारून सायकल मारणाऱ्याने ज्या रक्ताचे पाणी केले, त्याची भरपाई मात्र कोणत्याही निकालपत्रात लिहिता येत नाही. उद्या पहाटे सायकल काढणाऱ्या मुलाला बक्षीस किती, हे विचारण्याआधी घरच्यांनी त्याला या बासोंचे नाव सांगावे.