पवारणा : आधी नेत्याने विचारायचे असते

महामंगल सुत्तात ‘सोवचस्सता’ असा एक शब्द आहे. गृहप्रवेश असो, नामकरण असो, मंगल परिणय असो, आपण तो म्हणतो आणि पुढे जातो. अनेकांना त्याचा अर्थ ‘गोड बोलणे’ असा वाटतो. कुठे कुठे तो ‘आज्ञाधारकपणा’ असाही सांगितला जातो, आणि हा अर्थ मंडळांच्या अध्यक्षांना विशेष आवडतो. खरा अर्थ वेगळा आहे. ज्याला काही सांगता येते, ज्याची चूक त्याच्या तोंडावर दाखवता येते आणि तरी जो भडकत नाही, रुसत नाही, तो ‘सुवच’. ज्याला सांगायला गेले की सांगणाऱ्याचीच उलटतपासणी सुरू होते, तो ‘दुब्बच’. अडतीस मंगलांमध्ये या सुवचपणाला जागा आहे.

आज संस्था-संघटनांमध्ये ‘फीडबॅक’ कसा द्यावा-घ्यावा याची प्रशिक्षणे होतात. त्यात वाईट काही नाही. पण सहकाऱ्याला खरे सांगणे आणि त्याच्याकडून खरे ऐकून घेणे ही कंपन्यांनी शोधलेली गोष्ट आहे असे आपल्या तरुणांना वाटू लागले असेल, तर आपण आपलाच इतिहास वाचलेला नाही. संघाने यासाठी नियम केले होते, वर्षातला एक दिवस ठरवला होता आणि बसायचे कसे इथपर्यंत विचार केला होता.

विनयपिटकाच्या महावग्गात त्या दिवसाच्या उगमाची कथा आहे. कोसल जनपदात काही भिक्खू एकत्र वर्षावासाला राहणार होते. तीन महिने एका छपराखाली राहायचे म्हणजे कुरबुरी होणारच. म्हणून त्यांनी तोडगा काढला: कोणी कोणाशी बोलायचेच नाही. भिक्षेहून जो आधी परतेल त्याने आसने मांडावीत, पाय धुवायला पाणी ठेवावे. जो शेवटी येईल त्याने जागा झाडून घ्यावी. पाण्याचे मडके रिकामे दिसले तर भरावे, एकट्याला उचलत नसेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवावे, पण तोंड उघडू नये. वर्षावास संपल्यावर ते श्रावस्तीला जेतवनात आले आणि आम्ही न भांडता सुखाने राहिलो असे त्यांनी अभिमानाने सांगितले. तथागतांनी त्यांचे कौतुक केले नाही. हे लोक कष्टात राहिले आणि सुखात होतो म्हणतात, गुरांसारखे, मेंढरांसारखे एकत्र राहिले, असे त्यांनी सुनावले.

आम्हाला ही कथा फार जवळची वाटते. ‘आमच्या संघटनेत वाद नाहीत’ असे सांगणारे नेते आपण सगळ्यांनी पाहिलेत. आसने मांडली जातात, पाणी भरले जाते, जयंतीचा मंडप वेळेवर उभा राहतो. फक्त वर्गणीच्या हिशेबाबद्दल, भाषणातल्या चुकीबद्दल, नव्या कार्यकर्त्याला सगळ्यांसमोर केलेल्या अपमानाबद्दल कोणी बोलत नाही. मग तेच सगळे मिटिंग संपल्यावर चहाच्या टपरीवर किंवा वेगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बोलले जाते. त्या भिक्खूंनी निदान पाठीमागेही तोंड उघडले नव्हते.

यावर तथागतांनी घालून दिलेला नियम म्हणजे पवारणा. वर्षावासाच्या शेवटी संघ जमतो. प्रत्येक जण संघाला विनंती करतो की माझ्याबाबत तुम्ही काही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा मनात शंका असेल, तर माझ्यावर अनुकंपा म्हणून मला सांगा, मला दिसले तर मी सुधारेन. हे तीन वेळा म्हणायचे. इथे ‘अनुकंपा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दोष दाखवणारा माझ्यावर दया करतो आहे, ही त्यामागची धारणा आहे.

आणि सुरुवात कोणी करायची? थेराने. ज्येष्ठ भिक्खूने एका खांद्यावर चीवर घेऊन, उकिडवे बसून, हात जोडून आधी विचारायचे, मग नवख्यांनी. हा क्रम आपण उलटा करून टाकला आहे. आपल्याकडे नेता शेवटी बोलतो आणि त्याच्या बोलण्यानंतर चर्चा संपते. संघात सर्वात वरचा माणूस सर्वात आधी स्वतःला खुला करायचा. असे झाल्यावरच सर्वात धाकट्याला बोलण्याची हिंमत होते.

यात एक माणसासारखी गोष्टही आहे. थेर उकिडवे बसून पवारणा करत असताना उपद्व्यापी म्हणून विनयात प्रसिद्ध असलेले सहा भिक्खू आसनांवर आरामात बसून राहिले. तेव्हा नियम झाला की सगळ्यांनीच उकिडवे बसायचे. मग एक म्हातारा, अशक्त थेर सगळ्यांचे होईपर्यंत तसाच बसून राहिला आणि चक्कर येऊन पडला. लगेच नियम बदलला: आपली पाळी होईपर्यंत उकिडवे बसावे, मग आसनावर बसायला हरकत नाही. नियम माणसांसाठी होता. चुकला की तोही दुरुस्त होत होता.

संयुत्त निकायातल्या पवारणा सुत्तात श्रावस्तीच्या पूर्वारामात पाचशे भिक्खूंसमोर खुद्द तथागत ही विनंती करतात. संघ शांत बसलेला असतो. माझ्या कायेच्या किंवा वाणीच्या कृतीत तुम्हाला निंदा करण्यासारखे काही दिसते का, असे ते विचारतात. सारिपुत्त उठून उत्तर देतात की तसे काही नाही, आणि लगेच स्वतःबद्दल तोच प्रश्न तथागतांना विचारतात. ‘नाही’ हेच उत्तर येणार होते, मग विचारले कशाला, असे कोणी म्हणेल. आमच्या मते विचारण्यातच सगळे आले. जगातल्या बहुतेक धर्मसंस्थापकांच्या तोंडी हा प्रश्न शोभलाच नसता.

सांगणाऱ्यावरही बंधने होती. कोणावर दोष ठेवायचा तर आधी त्याच्याकडून बोलायची परवानगी घ्यावी लागे. मग पाच कसोट्या: योग्य वेळी बोलावे, खरे बोलावे, मृदू बोलावे, हिताचे बोलावे आणि मनात मैत्री ठेवून बोलावे. या कसोट्या वाचून काहींना वाटेल की हे फार मवाळ प्रकरण आहे. त्यांनी मज्झिम निकायातले अभयराजकुमार सुत्त वाचावे. राजकुमार अभय राजगृहात तथागतांना पेचात पकडायला आलेला असतो: तुम्ही देवदत्ताबद्दल कठोर बोललात की नाही? त्याच्या मांडीवर लहान मूल असते. तथागत विचारतात, या मुलाने तोंडात काटकी किंवा खडा घातला तर तू काय करशील? अभय म्हणतो, डाव्या हाताने डोके धरीन, उजव्या हाताचे बोट वाकवून काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला त्याच्याबद्दल कणव आहे. म्हणजे मृदुपणाचा अर्थ खडा तोंडात राहू देणे असा नाही. नेत्याला कार्यकर्त्याच्या घशातला खडा दिसतो आणि तो वाईटपणा नको म्हणून गप्प राहतो, तेव्हा तो चांगुलपणा नसतो.

ऐकणाऱ्याने दोनच गोष्टी धरून ठेवायच्या: सत्य आणि न रागावणे. बाकी काही नाही. ऐकायला सोपे वाटते. महामोग्गल्लानांनी अनुमान सुत्तात दुब्बच माणसाची लक्षणे दिली आहेत, ती वाचताना कोणत्याही जिल्हा शाखेची बैठक डोळ्यांसमोर येते. चूक दाखवली की हा दाखवणाऱ्यालाच झोडपतो. उलट त्याच्याच चुका काढतो. प्रश्न एक, उत्तर दुसरे, आणि बोलणे भलतीकडे नेतो. राग आणि नाराजी दाखवतो. अशा माणसाने ‘मला सांगा’ असे कितीही म्हटले तरी सहकारी त्याला सांगायच्या लायकीचा समजत नाहीत, त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत, हे मोग्गल्लानांचे म्हणणे आहे. हल्ली या यादीत एकाची भर पडली आहे: ‘तू कोणाच्या सांगण्यावरून बोलतोस?’

बाबासाहेबांना ही परंपरा नीट ठाऊक होती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी सांगितले की संसदीय कार्यपद्धती भारताला नवी नाही, भिक्खू संघांना ती माहीत होती. आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान अशी यादी देताना त्यांनी निंदाव्यंजक ठरावाचाही उल्लेख केला. त्याच भाषणात पुढे त्यांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला: धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेलही, राजकारणात ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. दुसरी गोष्ट आपण फलकांवर लिहितो, पहिली विसरतो. दोन्ही मिळून एकच मुद्दा होतो. भक्ती नको असेल तर तिच्या जागी काहीतरी पद्धत हवी, आणि ती संघाकडे होती. त्याआधी १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांवर बोलतानाही त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या: थोर माणसाबद्दल आदर बाळगणे वेगळे आणि डोळे मिटून त्याच्या मागे जाणे वेगळे. पहिल्यात गैर काही नाही, दुसरे घातक.

स्वतः ते आपल्या माणसांना खरे सांगायला कचरले नाहीत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांसमोर बोलताना लुगडे नेसण्याची पद्धत, अंगावरचे जड दागिने, मृत जनावराचे मांस आणि मुलींचे शिक्षण यांबद्दल आडपडदा न ठेवता सांगितले. पाठीमागे नाही, त्यांच्यासमोर. आणि त्या बायांनी ते अपमान म्हणून घेतले नाही. त्यांनी नेसण्याची पद्धत बदलली, असे चरित्रकार नोंदवतात. सांगणारा आपला आहे, हे त्यांना कळत होते.

त्यानंतरचा इतिहास सांगायला जड जातो. १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि काही वर्षांतच दुरुस्त आणि नादुरुस्त असे गट पडले. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, १९७४ मध्ये ढाले आणि ढसाळ वेगळे झाले. या फुटींमागे खरे राजकीय प्रश्न होते: वर्ग की जात, बुद्ध की मार्क्स, कोणाशी युती. नीट बोलले असते तर काहीच फुटले नसते, असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. सत्ताधारी पक्षांनी या फुटींचा फायदा घेतला, हेही खरे. पण मतभेद मांडायची ठरलेली जागा संघटनेत नसली की मतभेद थेट पत्रकात जातात, आणि पत्रकात गेलेला मतभेद ‘गद्दारी’ होतो. एकदा हा शब्द उच्चारला की परतीची वाट राहत नाही.

कोसंबीलाही संघ फुटला होता. तथागतांनी दोन्ही बाजूंना समजावले. कारवाई करणाऱ्यांना सांगितले की फूट पडेल अशी कारवाई उथळपणे करू नका, आणि ज्याच्यावर कारवाई झाली त्याच्या बाजूला सांगितले की इतरांच्या विश्वासाखातर दोष मान्य करा. कोणी ऐकले नाही, तेव्हा ते निघून गेले. मग कोसंबीच्या उपासकांनी भिक्खूंना वंदन करणे आणि भिक्षा देणे बंद केले. उपाशी राहिल्यावर भांडणारे श्रावस्तीला गेले आणि समेट झाला. वस्तीच्या हातात किती ताकद असते, हे आपल्या मतदारांनी यातून ताडून पाहावे.

या परंपरेतली एक गोष्ट मात्र आम्हाला मान्य नाही. अट्ठ गरुधम्मांपैकी एकानुसार भिक्खू भिक्खुणीला उपदेश करू शकतो, भिक्खुणी भिक्खूला नाही. भिक्खुणींनी पवारणा दोन्ही संघांसमोर करायची, भिक्खूंना मात्र ते बंधन नाही. हे नियम नंतर घुसवले गेले, असे अनेक अभ्यासक मानतात आणि आम्हालाही तसेच वाटते. पण ते खरे असो वा नसो, आज आपल्या महिला आघाड्यांची अवस्था नेमकी तीच आहे. स्वयंपाक, रांगोळी आणि स्वागतगीत त्यांच्याकडे, आणि अध्यक्षांच्या वागण्याबद्दल बोलल्या तर ‘घरात वाद नको’. म्हणून पवारणा पुन्हा सुरू करायची तर एकतर्फी करता येणार नाही.

आषाढ पौर्णिमेपासून विहाराविहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. अश्विन पौर्णिमेला समारोप होतो: चीवरदान, भोजनदान, शाली, सत्कार, पाहुण्यांची भाषणे. पवारणा त्याच दिवशी असते, पण ती भिक्खूंपुरती उरली आहे. पूर्ण संघाच्या पवारणेला पाच जण पुरत. चौघे, तिघे, दोघे असले तर आपसांत करत. आपल्या कोणत्याही मंडळात पाच माणसे असतातच. या वर्षीच्या समारोपाच्या आदल्या संध्याकाळी, पाहुणे आणि माईक नसताना, कार्यकारिणीने गोल करून बसावे. अध्यक्षांनी आधी विचारावे. मग मध्ये न बोलता ऐकावे, लगेच उत्तर देऊ नये. पहिल्या वर्षी बहुधा सगळे म्हणतील की काही नाही, सर, सगळे छान आहे. दुसऱ्या वर्षी कदाचित सर्वात नवी मुलगी वर्गणीच्या वहीबद्दल विचारेल.