शिवनेरीची शिंदळ माकुडी

शिवनेरी म्हटले की शिवजन्म आठवतो. आम्ही बेळगावकर शिवज्योत आणायला गडांवर जातो तेव्हा नजर दरवाजांवर आणि बुरुजांवर असते. कड्याच्या फटीत काय उगवले आहे ते कोण पाहतो? शिवनेरीच्या कड्यावर शिंदळ माकुडी उगवते.

माकडशिंगाच्या भाऊबंदांतली ही मांसल वनस्पती. त्या भाऊबंदांना पाने जवळपास नसतातच. हिला मात्र पावसाळ्यात ठसठशीत हिरवी पाने येतात, आणि ती झडली की नुसते खोड कातळाला धरून उन्हाळा काढते. मुंबई इलाख्यातले जंगल अधिकारी निकोल डाल्झेल यांनी १८६५ च्या सुमारास तिचे शास्त्रीय वर्णन छापले आणि गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून 'फ्रेरिया इंडिका' असे नाव ठेवले. कड्यावर ती कितीतरी आधीपासून होती, नाव मात्र लाटसाहेबांचे लागले! आम्हाला गावरान नावच बरे वाटते.

जुन्नर, पुरंदर, महाबळेश्वर अशा मोजक्याच भागांत ती उरली आहे. गंमत म्हणजे तिची फांदी कुंडीत सहज लागते, परदेशी हौशी बागांतही ती वाढते. पण एकाच रोपाच्या फांद्या म्हणजे तेच रोप पुनःपुन्हा. बी धरून नवी पिढी उगवायची तर कडाच हवा, आणि तिथे शेळ्या, ढासळणारे दगड आणि उपटून नेणारे हात आहेत.

पावसाळा सरता सरता, गणपतीच्या दिवसांच्या आसपास, तिला लालसर जांभळी, पिवळ्या नक्षीची चांदणीसारखी फुले येतात. वास चांगला नसतो; तो माश्यांसाठी असतो.