दिवाबत्ती कर आणि रात्रीचे बारा

ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची पावती कधी नीट वाचली आहे का? घरपट्टी, आरोग्य कर, पाणीपट्टी आणि त्यांच्यामध्ये एक जुनाट शब्द बसलेला दिसेल: दिवाबत्ती कर. गावात आता दिवाही नाही आणि बत्तीही नाही, एलईडी आहे. शब्द मात्र तेलाच्या काळातलाच राहिला. वीजबिल थकलं की हाच शब्द चर्चेत येतो आणि कुणीतरी म्हणतं, रात्री बारानंतर रस्त्यावर असतं कोण? तेव्हापासून पहाटेपर्यंत दिवे बंद ठेवले तर काय बिघडलं?

प्रश्न वेडगळ नाही. पण त्याला बराच इतिहास आहे, आणि तो पाहिला की "रस्त्यावर असतं कोण?" हे वाक्य खटकू लागतं.

आधी शब्दांचं सांगते. शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे मी असल्या ठिकाणी जरा रेंगाळते. कंदील अरबी ‘किंदील’वरून आला. मशालही अरबीच आणि मशालजीमधला ‘जी’ म्हणजे तुर्की ‘ची’. रॉकेल म्हणजे इंग्रजी ‘रॉक ऑइल’ आणि घासलेट म्हणजे ‘गॅसलाइट’. आपल्याकडे मात्र बायाबापड्या त्याला सरळ मातीचं तेल म्हणत आल्या. जो जो राज्य करायला किंवा व्यापाराला आला, तो आपल्या दिव्याचा शब्द इथे ठेवून गेला.

रस्त्यावर सरकारी खर्चानं दिवा लावायचा, ही कल्पना मात्र नवी. त्याआधी ज्याच्या पदरी मशालजी, त्याच्या वाटेवर उजेड. बाकीच्यांनी चांदण्यात जायचं किंवा घरी बसायचं. मुंबईत १८६५ साली गॅसचे दिवे लागले, ते एस्प्लनेड आणि चर्चगेटच्या रस्त्याबरोबर भेंडीबाजारातही. दिवे लावणाऱ्या माणसाच्या मागे बघ्यांची गर्दी एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडे जायची, असं वर्णन आहे. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे आले. आपला जिल्हा तेव्हा वणी जिल्हा होता. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ साली मिळालं. गावोगाव वीज यायला पुढे कित्येक दशकं गेली.

कायदा त्या मानानं लवकर आला. मध्यप्रांताच्या १९२२ च्या नगरपालिका कायद्यात सार्वजनिक रस्त्यांवर दिवे लावणं हे पालिकेचं कर्तव्य आहे, आणि तो कायदा वऱ्हाडातही चालला. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्यातही ते बंधनकारक कर्तव्यांमध्येच आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानं गावातली दिवाबत्ती ग्रामसूचीत घातली. म्हणजे रस्त्यावरचा दिवा ही कुणाची मेहेरबानी नाही. त्याचा कर आपण भरतो.

आता दिवे विझवण्याचा इतिहास. तो दिवे लावण्याच्या इतिहासापेक्षा जास्त बोलका आहे.

युरोप-अमेरिकेत गॅसच्या काळात कंपन्यांशी करार व्हायचे, की चांदण्या रात्री दिवे लावायचे नाहीत. चंद्राचं वेळापत्रक छापलेलं असायचं. आकाशात ढग असले तरी वेळापत्रकात चंद्र आहे म्हणून रस्ता अंधारात. हिशेब कंपनीचा, ठेच चालणाऱ्याची. १९७१ च्या युद्धात मुंबईत ब्लॅकआउट झाला, तो सगळ्यांनी समजून घेतला, कारण त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि तो संपणार हेही ठाऊक होतं. त्यानंतर आलं भारनियमन. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रानं बारा-बारा तासांचा अंधार सोसला. आमच्या पिढीला तो काळ वेगळा सांगायला नको. दहावीच्या पोरांचे पेपर आम्ही मेणबत्तीवर तपासले आहेत.

त्याच काळातली एक गोष्ट लोक विसरले. महावितरणनं अक्षय प्रकाश योजना आणली होती. गावानं ठराव करायचा, आकडे काढून टाकायचे, संध्याकाळच्या जास्त मागणीच्या वेळी मोटारी आणि गिरण्या चालवायच्या नाहीत; बदल्यात घरातला दिवा जाणार नाही. पुष्कळ गावांनी हे पाळलं. योजनेत उणिवा होत्याच. पण वीज कुठे वाचवायची आणि दिवा कुठे राखायचा, हे गावानं एकत्र बसून ठरवलं होतं. एवढं आपल्याला जमतं, ही नोंद राहायला हवी.

पुढे गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे झाले. गावात लाइट राहू लागली, शेतात मात्र ती पाळीनं येऊ लागली, आणि पाळी बहुधा रात्रीची. "रात्री बारानंतर रस्त्यावर असतं कोण?" याचं आपल्या जिल्ह्यापुरतं उत्तर इथेच मिळतं. सप्लाय साडेअकराला येणार असेल तर गहू-हरभऱ्याचं ओलित करणारा माणूस त्याच वेळी घराबाहेर पडतो. रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला जागलीवर गेलेला माणूस पहाटे परततो. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ अवनी वाघीण मारली गेली. त्याआधीच्या दोन वर्षांत तिच्या नावावर तेरा मृत्यू लागले होते. त्या दिवसांत पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यातला माणूस घर ते गावाची शीव एवढं अंतर कसा चालला असेल, याचा विचार बिल तपासणाऱ्यानं करून पाहावा. शेवटच्या खांबावरचा दिवा वाघाला अडवत नाही, साप मात्र दाखवतो.

आणखी लोक आहेत. रात्रपाळीची नर्स, जिनिंगचा हमाल, पहाटेची एसटी पकडणारे प्रवासी, घरात संडास नसलेल्या किंवा असूनही पाणी नसलेल्या बाया. रमजानमध्ये तरावीहून परतणारे, सहरीच्या वेळी दूध-पाव आणायला निघणारे, फजरला काठी टेकत जाणारे म्हातारे. यातलं कुणी रिकामटेकडं नाही.

यात एक कडवट भाग वणीचा आहे. राजूर, उकणी, जुनाड इथल्या खाणींचा कोळसा वीज बनवायला जातो. गावांवर राहते ती धूळ. आणि २०२१ च्या उन्हाळ्याअखेरीस, करोनाच्या दुसऱ्या लाटेतून माणसं जेमतेम सावरत असताना, राज्यभर ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांचे वीजजोड थकबाकीसाठी कापले गेले. सरकारनं सांगितलं, पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून बिलं भरा. सरपंच म्हणाले, तो पैसा गावाच्या विकासकामांचा आहे आणि पथदिव्यांचा भार आजवर सरकार उचलत होतं. दोन्हीकडे कागद होते. मधल्या काळात गावं अंधारात राहिली आणि लोकांच्या पावतीवर दिवाबत्ती कर तसाच छापून आला. रात्री बारानंतरच नव्हे, संध्याकाळी सातपासूनच अंधार होता, तेव्हा "काय बिघडलं?" असं विचारायला कुणी आलं नाही.

आपल्या मजलिसींमधले वक्ते कुर्तुबाच्या रस्त्यांवरच्या दिव्यांचं फार कौतुकानं सांगतात. मला काहिराची गोष्ट जास्त शिकवणारी वाटते. फातिमी खलिफा अल-हाकिम यानं इसवी सन १००० च्या सुमारास दुकानांवर, दारांवर, गल्ल्यांमध्ये दिवे लावायचा हुकूम काढला. रात्री बाजार फुलले, लोक बाहेर पडले, बायकाही बाहेर पडल्या. मग खलिफाला ते खपेना. आधी बायकांनी रात्री बाहेर पडायचं नाही, मग पुरुषांनी दुकानांत बसायचं नाही. दिवा लावणारा आणि विझवणारा हुकूम एकाच दरबारातून निघाला. दोन्ही वेळा रस्त्यावरच्या माणसाला कुणी विचारलं नाही.

झोपताना दिवे विझवावेत, अशी हदीस आहेच, आणि कुणी ती या वादात पुढे करेल म्हणून लिहिते. तिथे कारणही दिलं आहे: उंदीर पेटती वात ओढून नेतो आणि घर जळतं. इमाम नववींनी यावर लिहिलं, की टांगलेला किंदील असेल आणि आगीची भीती नसेल तर हरकत नाही, कारण मूळ कारणच उरत नाही. हुकूम कशासाठी आहे ते आधी बघायचं, ही पद्धत मला वीजबिलाच्या बाबतीतही योग्य वाटते.

कारण पैसा असेल तर पैशाचाच हिशेब करू. वीस वॅटचे शंभर दिवे आहेत असं धरा. रात्री बारा ते पहाटे पाच बंद ठेवले तर दहा युनिट वाचतात. पण टायमर बिघडलेला किंवा मुळात बसवलेलाच नाही म्हणून हेच दिवे दिवसाचे बारा तास जळत राहिले, तर चोवीस युनिट फुकट जातात. भर दुपारी जळणारे पथदिवे आपल्याकडे कुणी पाहिले नाहीत? शिवाय बिलातला स्थिर आकार दिवे बंद ठेवून कमी होत नाही. मध्यरात्रीच्या अंधारावर वाद घालण्याआधी दुपारचा उजेड बंद करा, असं माझं म्हणणं आहे.

बाहेरचे अनुभव एकसारखे नाहीत, हेही मान्य. इंग्लंड-वेल्समधल्या ६२ स्थानिक संस्थांचा अभ्यास २०१५ साली आला. दिवे बंद किंवा मंद केल्यानं अपघात वा गुन्हे वाढल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. फ्रान्समधल्या हजारो गावांत मध्यरात्रीनंतर दिवे बंद असतात. उलट न्यूयॉर्कमध्ये सरकारी वसाहतींत जादा दिवे लावले तेव्हा रात्रीचे बाहेरचे गंभीर गुन्हे बरेच घटले. पण इंग्लंडच्या गावातला माणूस मध्यरात्री हरभऱ्याला पाणी द्यायला निघत नाही. तिथला निष्कर्ष उचलून दारव्हा-दिग्रसला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यातून वाचणं.

अंधाराचीही बाजू आहे, आणि ती मला पटते. पांढराशुभ्र एलईडी झोप मोडतो, कीटक ओढतो, आकाश झाकतो. कपाशीवाल्यांना सांगायला नको, बोंडअळीच्या पतंगांसाठी प्रकाश सापळे लावतात ते याच ओढीमुळे. यावर विदर्भानंच एक वाट काढली आहे. नागपूर जिल्ह्यातला पेंच व्याघ्रप्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरावर पथदिवे बदलले. गावं अंधारात टाकली नाहीत. जमिनीकडे तोंड असलेले दिवे बसवले. उजेड पायाखाली, आकाश मोकळं.

तेव्हा बायपासवर, बंद बाजारात, रिकाम्या मैदानावर रात्री दिवे कमी करायला माझी ना नाही. वस्तीतल्या गल्ल्या, दवाखान्याचा रस्ता, एसटी थांबा आणि गावाच्या शिवेवरचे खांब मात्र सोडावेत. विझवण्याची वेळ आली की सुरुवात नेहमी शेवटच्या मोहल्ल्यापासून, बेड्यापासून, पोडापासून होते. तिथले दिवे आधी यादीतून वगळून मगच बाकीचं बोलावं.

हे ठरवायची जागा ग्रामसभा आहे, आणि तिच्याआधी महिलांची सभा घ्यावी असं कायदाच सांगतो. फक्त एक अडचण आहे. ग्रामसभा दिवसा भरते, आणि रात्रभर ओलित करून आलेला माणूस तेव्हा झोपलेला असतो. पुढच्या सभेची नोटीस लागेल तेव्हा वेळ संध्याकाळची मागून घ्या.