मनी प्लांट चोरूनच आणायचा असतो?



क्षमावाणी होऊन आठवडा झाला. त्या दिवशी मी एका गोष्टीची क्षमा मागितली, ती इथे लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. गोष्ट आहे आमच्या दिवाणखान्यातल्या मनी प्लांटची.

लग्न होऊन सांगलीकडून पनवेलला आले त्या पहिल्याच पावसाळ्यात समोरच्या काकूंच्या ग्रिलवरून लोंबणारा हिरवा-पिवळा वेल मला फार आवडला. मागणारच होते, पण एक शेजारीण म्हणाली, "मागून आणलेला लागत नाही, मनी प्लांट चोरूनच आणायचा असतो." एका दुपारी जिन्यात कुणी नव्हतं. वीतभर तुकडा तोडला, पदराआड घरी आणला आणि काचेच्या बाटलीत ठेवला. काही दिवसांत पांढरी मुळं फुटली. मला वाटलं, खरंच की!

यंदा दशलक्षणात स्वाध्यायाला अचौर्याणुव्रत निघालं. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात हे व्रत किती बारकाईने सांगितलंय! दुसऱ्याचं ठेवलेलं, पडलेलं, विसरलेलंसुद्धा दिल्याशिवाय घ्यायचं नाही. मी मात्र इतकी वर्षं "तो तर बाहेरच लोंबत होता" म्हणून स्वतःची समजूत घालत होते. घरी आल्यावर वेलाकडे बघवेना. मग मुलीच्या मदतीने या वेलाचाच इतिहास वाचून काढला.

त्याचं मूळ घर प्रशांत महासागरात, ताहितीच्या शेजारचं मोरेआ हे छोटं बेट. १८८० साली बेल्जियममधले रोपांचे मोठे व्यापारी जाँ लिंडेन आणि फ्रेंच उद्यानतज्ज्ञ एदुआर आंद्रे यांनी त्याला 'पोथॉस ऑरियस' असं शास्त्रीय नाव दिलं. ऑरियस म्हणजे सोनेरी. त्याच १८८० साली फ्रान्सने ताहितीचं राज्य मोरेआसकट आपल्यात सामील करून घेतलं. बेटाला नवा मालक आणि वेलाला नवं नाव एकाच वर्षी मिळालं! तेव्हा युरोपातल्या श्रीमंतांना काचघरात उष्ण प्रदेशातली रोपं ठेवायची हौस होती. लंडनच्या डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांच्या बंद काचपेट्यांमुळे १८३०च्या दशकापासून नाजूक रोपंही महिनोन्‌महिने बोटीवर टिकू लागली होती.

पुढे या वेलाचा पत्ताही चुकला. बराच काळ तो सॉलोमन बेटांचा समजला गेला. नावंही बदलत राहिली. फुलं बघितल्याशिवाय शास्त्रज्ञांना कूळ नक्की करता येईना, आणि हा वेल फुलतच नाही! १९६२ साली फूल बघायला मिळालं तेव्हा एक नवं नाव मिळालं, आणि १९६४ साली आजचं नाव आलं, एपिप्रेमनम ऑरियम. तो का फुलत नाही याचं उत्तर २०१६च्या संशोधनात मिळालं. जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारं त्याचं एक जनुक नीट काम करत नाही.

आता बघा, फूल नाही म्हणजे बी नाही. मग तो मोरेआहून पनवेलपर्यंत पसरला कसा? तुकड्या-तुकड्याने, माणसांच्या हातून. वेलाच्या पेराशी मुळाचा बारीक उंचवटा असतो. त्या पेरासकट तुकडा आला की तो लागतो, चोरलेला असो की मागितलेला. नुसतं पान आणलं तर पाण्यात कितीही दिवस ठेवा, नवा वेल होणार नाही. चोरीच्या समजुतीत तथ्य एवढंच, की हा वेल कुणाच्याही हातून जगतो.

सांभाळायलाही सोपा आहे. पानाच्या पिवळ्या-पांढऱ्या भागात हरितद्रव्य फार कमी असतं, म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात नवी पानं नुसती हिरवी येऊ लागतात. खिडकीजवळ भरपूर उजेड हवा, पण दुपारचं ऊन थेट नको, पानं करपतात. वरची माती बोटाला कोरडी लागली की पाणी द्या. आपल्या पनवेलच्या पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते, की जास्त पाण्याने मुळं कुजतात. काठीच्या आधाराने वर चढवला तर पानं मोठी होतात. बाटलीतला वेल मी कधीच मातीत लावला. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात, मग पाणी फेकलं तर त्रसजीवांची हिंसा आणि ठेवलं तर डेंग्यूची भीती. त्या होऊच न देणं बरं.

आणखी एक. हा वेल सुरणाच्या कुळातला आहे. आपण सुरण घरात आणत नाही, पण त्याचा हा भाऊबंद मात्र दिवाणखान्यात बसतो! सुरणाने घसा खवखवतो तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक याच्या पानांतही असतात. लहान मुलं आणि मांजरं पान चावणार नाहीत अशा उंचीवर ठेवा. छाटलेले तुकडे रानात टाकू नका. श्रीलंकेच्या जंगलात तो असाच मोकाट पसरलाय.

क्षमावाणीच्या दिवशी मूळ धरलेला तुकडा छोट्या कुंडीत लावून काकूंकडे गेले. त्यांचा वेल घराच्या रंगकामात कधीच गेला होता. सगळं सांगताना माझा आवाज कापत होता. काकूंनी कुंडी हातात घेतली, पानं निरखली आणि म्हणाल्या, "अगं, मागितलं असतंस तर तेव्हाच मुळासकट दिलं असतं." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तत्त्वार्थसूत्रात चोरीचा माल घेणं हाही या व्रताचा अतिचार सांगितलाय. मी तर याच वेलाचे तुकडे तीन घरी वाटलेत! त्या तिघींनाही खरं काय ते सांगून झालं. काकू म्हणाल्या, "आता माझ्याकडून दिलेत असं समज."

पावसाळा संपत आलाय, खिडकीत चार कुंड्यांना मुळं धरलीत. ज्यांना हवा असेल त्यांनी दार वाजवून मागा. मागितलेलाही लागतो, हे मी खात्रीने सांगते.